निरक्षर मार्शल : बास रीव्हज

अमेरिकेतील यादवी युद्ध आपल्याकडे शिकवले जाते ते बहुधा कापसाच्या निमित्ताने. १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि मग आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि हा सारा डोलारा कोसळला. एवढे विद्यार्थी परीक्षेत बरोबर लिहितात. परंतु ज्यांच्या गुलामगिरीवरून ते युद्ध पेटले आणि ज्यांच्या हातांनी तो अमेरिकन कापूस वेचला जात होता, त्या सुमारे चाळीस लाख माणसांपैकी एकाचे तरी नाव सांगा म्हटले, तर वर्ग गप्प होतो. वर्गाला दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तकातच नाव नसते.

वाचकहो, प्रस्तुत लेखात त्या चाळीस लाखांपैकी एका माणसाची हकीकत सांगावयाची आहे. त्याचे नाव बास रीव्हज. आयुष्याची पहिली पंचवीसेक वर्षे तो दुसऱ्याची मालमत्ता होता. पुढे बत्तीस वर्षे तो अमेरिकन संघराज्याच्या न्यायालयाचा डेप्युटी मार्शल होता. आणि या दोन्ही काळांत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. शाळेच्या स्मरणिकेत निरक्षर माणसाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे ओघात येईलच.

बासचा जन्म १८३८ साली आर्कान्सा राज्यात झाला. त्याचा मालक विल्यम रीव्हज हा त्या राज्याच्या विधिमंडळाचा सभासद होता. १८४६ च्या सुमारास हे कुटुंब आपल्या गुलामांसह टेक्सासमधील ग्रेसन परगण्यात जाऊन राहिले. 'रीव्हज' हे आडनाव अर्थातच मालकाचे. गुलामाला स्वतःचे आडनाव नसे. पुढे बास मालकाच्या मुलाकडे, जॉर्ज रीव्हजकडे गेला. हा जॉर्ज आधी शेरीफ, मग आमदार, युद्धात दक्षिणेच्या घोडदळाचा कर्नल, आणि युद्धानंतर टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती झाला. टेक्सासात एका परगण्याला त्याचे नाव आहे. तात्पर्य, ज्या घरात बास वाढला ते घर कायदे करणाऱ्यांचे आणि कायदा राबविणाऱ्यांचे होते. त्याच कायद्याने बासला घोडा, नांगर आणि गाडी यांच्या रांगेत बसविले होते. गुलामाला गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देता येत नसे. त्याचे लग्न कायद्याला ठाऊक नसे. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केलेल्या आहेत. त्यांत मालकाचे नाव असते आणि त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग व कातडीचा रंग. बहुतेक सर्व याद्यांत गुलामाच्या नावाची जागा नाही. एवढा मोठा देश, एवढी बारकाईची मोजदाद, आणि माणसाचे नाव टिपून घेण्याची गरज कोणास वाटली नाही!

मालकाने बासला अक्षर शिकविले नाही. बंदूक मात्र त्याच्या हाती दिली, आणि तरुणपणी त्याला नेमबाजीच्या शर्यतींत उतरविले असे सांगतात. मालक लोकांना गुलामाच्या हातातील बंदुकीपेक्षा त्याच्या हातातील पुस्तकाचे भय अधिक वाटे की काय, असा प्रश्न मनात येतो.

युद्ध सुरू झाल्यावर बास मालकाजवळून पळाला. तो कसा पळाला याविषयी दोन हकीकती आहेत. एक अशी की, पत्त्यांच्या डावात मालकाशी तंटा झाला, बासने त्याला ठोसा मारून खाली पाडले, आणि मग तेथे राहणे म्हणजे मरण, हे ओळखून तो निघून गेला. दुसरी अशी की, गुलाम मुक्त होणार ही बातमी त्याच्या कानी आली आणि त्याने वाट पाहिली नाही. पहिली हकीकत ऐकायला रंगतदार आहे, म्हणून ती अधिक सांगितली जाते. कागदोपत्री पुरावा दोहोंनाही नाही. निश्चित एवढेच की तो उत्तरेकडे, रेड नदीपलीकडील 'इंडियन टेरिटरी'त गेला.

हा प्रदेश म्हणजे आजच्या ओक्लाहोमा राज्याचा भाग. १८३० च्या कायद्यान्वये अमेरिकन सरकारने चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच मूळ रहिवासी राष्ट्रांना त्यांच्या पूर्वेकडील भूमीतून उठवून येथे आणून टाकले होते. वाटेत थंडीने, भुकेने आणि रोगाने हजारो माणसे मेली. आता येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या सोयीच्या कल्पनेत बसत नाही. ज्यांना स्वतःच्या घरातून हाकलण्यात आले होते, त्या या राष्ट्रांतील श्रीमंतांनी आपल्याबरोबर आपले काळे गुलामही आणले होते. जुलूम सोसलेला माणूस दुसऱ्यावर जुलूम करीत नाही, असे इतिहास म्हणत नाही. तथापि क्रीक आणि सेमिनोल लोकांत गुलामीची जाच बरीच सैल होती, आणि पळून आलेल्याला त्या विस्तीर्ण रानात आसरा मिळू शकत असे. बास त्यांच्यात राहिला. त्यांच्या भाषा बोलण्याइतक्या शिकला, विशेषतः क्रीक. नद्यांचे उतार, डोंगरातील घळी, कोणत्या वाटेने कोणत्या ऋतूत जाता येते, हे सर्व त्याच्या पायाखालचे झाले. जीव वाचविण्याकरिता घेतलेले हे शिक्षण पुढे त्याच्या चरितार्थाचे साधन होणार होते.

१८६५ च्या जूनमध्ये टेक्सासातील गुलामांना मुक्तीचा हुकूम वाचून दाखविण्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने साऱ्या देशातून गुलामगिरी कायद्याने गेली. १८६६ च्या तहांनी ती पाच राष्ट्रांतूनही गेली. या घटनेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले होते, हे येथे आठवावे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केलेला आहे. पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली जात होती, त्या सुमारास बास रीव्हज आर्कान्सातील व्हॅन ब्युरेन गावाजवळ शेती करीत होता. जेनी नावाच्या स्त्रीशी त्याचे लग्न झाले होते. पुढे त्यांना दहाअकरा मुले झाली. घोडे पाळावेत, धान्य पिकवावे, अधूनमधून सरकारी माणसांना टेरिटरीत वाट दाखवावी, असे त्याचे दिवस चालले होते.

१८७५ मध्ये हे बदलले. त्याचे कारण समजण्यासाठी तेथील कायद्याची रचना थोडी पाहावी लागेल. पाच राष्ट्रांची स्वतःची न्यायालये होती, पण ती केवळ आपल्या नागरिकांपुरती. बाहेरून आलेल्या गोऱ्या अथवा काळ्या माणसाने तेथे खून केला, तर त्या न्यायालयांना त्याला हात लावता येत नसे. शेजारच्या राज्यांचा अंमल तेथे नव्हता. साहजिकच साऱ्या दक्षिण-पश्चिमेतले दरोडेखोर, घोडेचोर आणि फरारी खुनी तेथे गोळा झाले. त्यांच्यावर अधिकार चालविणारे न्यायालय एकच, आणि तेही सरहद्दीबाहेर आर्कान्सातील फोर्ट स्मिथ येथे. तेथे १८७५ मध्ये आयझॅक पार्कर हा न्यायाधीश म्हणून आला. पुढील एकवीस वर्षांत त्याने १६० जणांना फाशीची शिक्षा दिली, पैकी ७९ प्रत्यक्ष फाशी गेले. लोक त्याला 'फाशीवाला न्यायाधीश' म्हणू लागले.

पण फाशी देण्याआधी माणूस धरून आणावा लागतो. सुमारे चौऱ्याहत्तर हजार चौरस मैलांचा मुलूख, म्हणजे आपल्या आजच्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. त्यात रस्ते नाहीत, तुरुंग नाहीत, तारखाते नावापुरते. त्यासाठी डेप्युटी मार्शल नेमण्यात आले. गोरा माणूस दिसला की मूळ रहिवासी तोंड मिटून घेत. त्यांच्या भाषा जाणणारा, मुलूख पायाखाली घातलेला आणि नेमबाज असा माणूस हवा होता. बासला बोलावणे आले आणि त्याने शपथ घेतली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस नेमल्या गेलेल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय डेप्युटींपैकी तो होय. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्याची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नव्हती, त्याला आता गोऱ्या माणसाच्या हातात बेड्या घालण्याचा अधिकार मिळाला.

हे काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. डेप्युटीला पगार नसे. जाताना मैलामागे सहा सेंट, आणून हजर केलेल्या कैद्यामागे ठरलेले शुल्क, असा हिशेब. खर्च त्याने आधी आपल्या खिशातून करावयाचा आणि मग बिले मंजूर होण्याची वाट पाहावयाची. कैदी वाटेत मारला गेला तर शुल्क बुडालेच, पुष्कळदा पुरण्याचा खर्चही अंगावर पडे. म्हणजे जिवंत धरून आणणे हेच पोटासाठी बरे! बास निघे तेव्हा बरोबर एक गाडी, एक स्वयंपाकी, एक-दोन मदतनीस, आणि खिशात वॉरंटांचा गठ्ठा असे. फोर्ट स्मिथहून पश्चिमेकडील फोर्ट रेनो, फोर्ट सिल, अनाडार्को अशी फेरी जाऊन-येऊन आठशे मैलांची. महिना-दोन महिने लागत. धरलेले कैदी गाडीबरोबर चालत आणि रात्री साखळीने बांधून ठेवलेले असत. गुन्हे म्हणाल तर खुनापासून घोडेचोरीपर्यंत, पण सर्वांत जास्त वॉरंटे दारूची. टेरिटरीत दारू नेणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा होता. बासने स्वतःला बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मोपदेशकालाही दारू विकल्याबद्दल धरले, असे सांगतात. १८७२ मध्ये टेरिटरीतून रेल्वे गेली, आणि तिच्या रुळांपलीकडील पश्चिमेचा भाग डेप्युटींना मृत्यूचा प्रदेश ठरला. तेथे दरोडेखोर झाडांवर चिठ्ठ्या लावीत की अमक्या डेप्युटीने ही रेषा ओलांडली तर तो परत जाणार नाही. पार्करच्या कारकिर्दीत साठाहून अधिक डेप्युटी मारले गेले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वॉरंट म्हणजे कागद. कोणाला धरावयाचे, कोणत्या गुन्ह्यासाठी, साक्षीदार कोण, हे सर्व कागदावर. आणि बासला वाचता येत नव्हते. तो काय करी? निघण्यापूर्वी तो कोणाकडून तरी प्रत्येक वॉरंट वाचून घेई, पुन्हा वाचून घेई, आणि ते पाठ करी. कोणता कागद कोणाचा हे तो अक्षरांच्या ठेवणीवरून, एखाद्या चित्राप्रमाणे, ध्यानात ठेवी. एका फेरीत अशी वीस-तीस वॉरंटे असत. रानात माणूस सापडला की बास गठ्ठ्यातून नेमका त्याचाच कागद काढी. त्याने भलत्याच माणसाला धरले, असे कधी घडले नाही अशी त्याची ख्याती होती. त्याने आपल्या या उणिवेचे हत्यारही केले. समोर पिस्तूल रोखून उभ्या असलेल्या माणसाला तो म्हणे, हा कागद जरा वाचून दाखवा, मला वाचता येत नाही. समोरच्याची नजर कागदावर वळली की तेवढा क्षण बासला पुरे होई. अशा गोष्टी एकाहून अधिक सांगितल्या जातात, तेव्हा त्यातील काही तरी खऱ्या असाव्यात.

येथे शिक्षक म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. आपल्याकडे अशा माणसांचे कौतुक करताना 'शाळेत न जाताही' अशी सुरुवात करण्याची पद्धत आहे, आणि ती ऐकून शाळेला दांडी मारणारे खूष होतात. परंतु बासची स्मरणशक्ती ही हौस नव्हती. जे काम त्याच्या सोबत्यांना एका नजरेत होई, त्यासाठी त्याला रात्री जागाव्या लागत. एक नाव चुकले तर निरपराध माणूस फोर्ट स्मिथच्या फाशीच्या तख्तापर्यंत पोहोचण्याचे भय. त्याच्याकडून जे हिरावून घेतले होते त्याची किंमत तो प्रत्येक फेरीत भरीत होता.

बाससंबंधीच्या दंतकथा पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन भाऊ फरारी होते आणि आईच्या घरी येऊन-जाऊन असत. बासने घोडा आणि सोबती दूर ठेवले, टाचा काढलेले फाटके बूट घातले, टोपीला गोळ्यांची भोके पाडली आणि अठ्ठावीस मैल पायी चालत तो त्या म्हातारीच्या दारी गेला. मार्शल लोक माझ्या मागे लागले आहेत, थोडे खायला द्या, म्हणाला. म्हातारीला दया आली. तिने जेवू घातले, आणि माझीही मुले तुझ्यासारखीच रानोमाळ फिरतात, तुम्ही एकत्र का राहत नाही, असेही सुचविले. रात्री मुले आली, ओळख झाली, सारे एका खोलीत झोपले. सकाळी त्या दोघांना जाग आली ती हातांत बेड्या घेऊनच. म्हातारी शिव्या देत तीन मैल त्यांच्यामागून चालत गेली म्हणतात. या शेवटच्या तपशिलामुळे मला ही गोष्ट खरी वाटते. आईच्या विश्वासाचा असा उपयोग करावा काय, हा प्रश्न बासला पडला असेल की नाही कोण जाणे. आपल्याला मात्र पडावा.

त्याने एकंदर तीन हजारांहून अधिक माणसांना धरले आणि चौदा जणांना चकमकीत ठार केले, असे आकडे त्या काळापासून चालत आले आहेत. यातील प्रत्येक नोंद ताडून पाहणे आता शक्य नाही. आर्ट बर्टन या इतिहासकाराने जुन्या न्यायालयीन कागदांतून आणि वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे शोध घेऊन २००६ मध्ये बासचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे दंतकथा आणि दप्तर यांची सरमिसळ थोडी सुटली. बासने स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. सहीच्या जागी तो फुलीची खूण करी, आपल्याकडे अंगठा उठवतात तसा. जो कागद त्याला वाचता येत नव्हता, त्याच कागदाने त्याला आपल्यापर्यंत आणले.

आणि त्या कागदांतील सर्वांत मोठा भाग आहे तो त्याच्यावरील खुनाच्या खटल्याचा!

१८८४ च्या वसंतात टेरिटरीतील एका मुक्कामावर बासच्या बंदुकीची गोळी त्याच्याच स्वयंपाक्याला लागली आणि तो मेला. विल्यम लीच त्याचे नाव. बासचे म्हणणे असे की, बंदुकीत चुकीच्या मापाचे काडतूस अडकले होते, ते काढताना चाप ओढला गेला. विरुद्ध बाजूचे साक्षीदार म्हणत की, लीचने बासच्या कुत्र्यावर कढत तेल ओतले आणि बासने रागाने गोळी घातली. प्रकरण दोन वर्षे तसेच राहिले. १८८६ मध्ये बासला अटक झाली. जामिनाची रक्कम उभी करता आली नाही म्हणून त्याला फोर्ट स्मिथच्या तुरुंगात सुमारे सहा महिने काढावे लागले. हा तुरुंग जुन्या लष्करी इमारतीच्या तळघरात होता, आणि त्याच्या घाणीबद्दल देशभर बदनाम होता. अकरा वर्षे बासने माणसे आणून आणून तो भरला होता. आता त्याच माणसांबरोबर तो कोंडला गेला. त्या सहा महिन्यांची एकही रात्र कोणी लिहून ठेवलेली नाही. कल्पना प्रत्येकाने आपली आपण करावी.

१८८७ च्या ऑक्टोबरात खटला पार्करपुढेच चालला. बासचा वकील होता क्लेटन. हा पूर्वी अनेक वर्षे त्याच न्यायालयात सरकारी वकील होता आणि बासने धरून आणलेल्या कित्येकांना त्याने शिक्षा देवविली होती. ज्यूरीने बासला निर्दोष ठरविले. गोळी चुकून सुटली की रागाने, हे आज ठरविता येत नाही. लीच हाही काळा आणि गरीब माणूस होता. त्याच्या बाजूने बोलायला थोडेच लोक होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. खटल्याच्या खर्चात मात्र बासची होती नव्हती ती पुंजी गेली, घर विकावे लागले. तो पुन्हा कामावर रुजू झाला. ज्या कायद्याने आधी त्याला वस्तू ठरविले, मग हातात बेड्यांची किल्ली दिली, मग त्याच्याच हातात बेड्या घातल्या, त्या कायद्याची नोकरी त्याने पुढे आणखी वीस वर्षे केली. हा भोळेपणा होता की शहाणपण, यावर मतभेद होऊ शकेल. मला वाटते, त्याने कायदा नसलेला मुलूख पाहिला होता आणि मालकाच्या मर्जीचा मुलूखही पाहिला होता. दोन्हींपेक्षा निदान ज्यूरी असलेले न्यायालय बरे, एवढे त्याला अनुभवाने कळले असावे.

१८९३ मध्ये त्याची बदली टेक्सासातील पॅरिस येथील न्यायालयाकडे झाली आणि १८९७ मध्ये मस्कोगीला. जेनी १८९६ मध्ये वारली. १९०० मध्ये त्याने दुसरे लग्न केले. मस्कोगीला असतानाच ती घटना घडली जिच्यामुळे त्याचे नाव आजही घेतले जाते.

१९०२ साली त्याच्या मुलाने, बेंजामिनने, संशयाच्या भरात आपल्या पत्नीचा खून केला आणि तो पळाला. वॉरंट निघाले. मस्कोगीचा मार्शल लिओ बेनेट याच्यापुढे प्रश्न पडला की हे कोणाच्या हाती द्यावे. कोणी डेप्युटी पुढे येईना. बासच्या मुलाला धरावयाचे आणि प्रसंगी गोळी घालावयाची! दोन दिवस वॉरंट टेबलावर पडून राहिले, असे सांगतात. मग बासने ते स्वतः मागून घेतले. हे एक वॉरंट त्याला वाचून दाखविण्याची गरज नव्हती. तो गेला आणि मुलाला घेऊन परत आला. खटला झाला, जन्मठेपेची शिक्षा झाली, बेंजामिन कॅन्ससमधील लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेला. तेथे त्याची वागणूक चांगली राहिली आणि १९१४ मध्ये त्याची सुटका झाली. तोवर बाप हयात नव्हता.

या प्रसंगावर व्याख्यानातून पुष्कळ बोलले जाते, बापाच्या कर्तव्यनिष्ठेची वाहवा होते. मला त्याची दुसरी बाजूही दिसते. बासने गेल्या सत्तावीस वर्षांत फरारी माणसांची शिकार कशी होते ते पाहिले होते. दुसरा कोणी डेप्युटी गेला असता आणि मुलाने हात वर करण्यास क्षणभर उशीर केला असता, तर प्रेत आले असते. मुलगा जिवंत आणावयाचा असेल तर तो आपणच आणला पाहिजे, असा विचार त्या बापाने केला नसेल कशावरून? कर्तव्य आणि माया यांचे येथे भांडण होते असे आपण धरून चालतो. कदाचित त्या दिवशी दोन्ही एकाच घोड्यावर बसून गेली असतील.

दरम्यान टेरिटरीची हवा बदलत होती. मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडून वाटप झाले, १८९८ च्या कायद्याने त्यांची न्यायालये गेली, गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ लागली. बासने ज्या कायद्याचे रक्षण केले, त्याच कायद्याच्या पाठोपाठ हेही आले, हे नाकारता येत नाही. १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा हे नवे राज्य झाले. टेरिटरी संपली, तशी बासची नोकरीही संपली. नव्या विधिमंडळाच्या सिनेटपुढील पहिल्या क्रमांकाचे विधेयक होते ते रेल्वेचे डबे आणि स्टेशनांवरील बसण्याच्या खोल्या गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगळ्या करण्याचे. ते त्याच डिसेंबरात मंजूर झाले. ज्या रेल्वेच्या रुळांपलीकडे जाण्यास गोरे डेप्युटी कचरत आणि बास जात असे, तिच्या डब्यात आता त्याला वेगळे बसावे लागणार होते.

त्या वेळी तो एकोणसत्तर वर्षांचा होता. त्याने मस्कोगी शहराच्या पोलिसात साध्या शिपायाची नोकरी धरली. काठी टेकीत तो आपल्या विभागात गस्त घाली, आणि त्याच्या गस्तीच्या भागात दोन वर्षांत एकही गुन्हा झाला नाही, अशी ख्याती आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने तो अंथरुणास खिळला आणि १२ जानेवारी १९१० रोजी वारला. मस्कोगीच्या 'फिनिक्स' या वृत्तपत्राने त्याच्यावर मोठा मृत्युलेख छापला. त्या काळी काळ्या माणसासाठी ही नवलाची गोष्ट होती. फोर्ट स्मिथला २०१२ मध्ये त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा उभा राहिला आणि मस्कोगीजवळ आर्कान्सा नदीवरील पुलाला त्याचे नाव देण्यात आले. त्याची कबर नेमकी कोठे आहे हे मात्र कोणास ठाऊक नाही.

त्याच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी, १९१० च्या ऑगस्टमध्ये, ओक्लाहोमाने मतदानासंबंधी आपल्या घटनेत दुरुस्ती केली. राज्यघटनेचा कोणताही भाग वाचता व लिहिता आल्याखेरीज कोणास मत देता येणार नाही, अशी अट तीत घातली. मात्र जो १ जानेवारी १८६६ रोजी अथवा त्यापूर्वी मतदानास पात्र होता, त्याला आणि त्याच्या वंशजांना या अटीतून सूट होती. म्हणजे निरक्षर गोऱ्याला मत आणि निरक्षर काळ्याला परीक्षा. कारण १८६६ च्या त्या तारखेस काळ्या माणसाला तेथे मताचा अधिकार कोठून असणार? बत्तीस वर्षे त्या मुलुखात कायद्याचे कागद पाठ करून फिरलेला बास जिवंत असता, तर मतदानाच्या टेबलापुढे त्याच्या हातात एक कागद देऊन वाचा म्हटले गेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती १९१५ साली रद्द ठरविली.